एक अ‍ॅप, दोन फोन आणि माझे दहा महिने

झाडांना पाणी घालायची आठवण करून देणारं अ‍ॅप. बस, एवढंच. कोणत्या कुंडीला किती दिवसांनी पाणी, खत कधी घातलं, माती कधी बदलली, आणि वाटलं तर झाडाचा एक फोटो. एवढंसं अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आणायला मला जानेवारी ते ऑक्टोबर २०२५ असे दहा महिने लागले. त्यातले निम्मे तरी गेले ते 'दोन्हींसाठी एकच अ‍ॅप लिहायचं की वेगवेगळी दोन?' या प्रश्नापायी. आता याच प्रश्नाशी अडून बसलेल्यांसाठी माझी सगळी यातायात क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधीच सांगते, मी पेशाने अ‍ॅप बनवणारी नाही. नोकरीत डेटाबेस सांभाळते, थोडाफार कोड लिहिते. हे सगळं रात्री जेवणानंतर आणि सुट्टीच्या दिवशी केलं आहे. पूर्णवेळ करणाऱ्याने माझे महिने आठवड्यांत मोजावेत.

५ जानेवारीच्या रविवारी सुरुवात केली तेव्हा हा प्रश्न मला पडलाच नव्हता. माझा फोन अँड्रॉइड, म्हणून अ‍ॅप अँड्रॉइडचं. गूगलने २०१७ मध्ये कॉटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेला अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून नव्या कामासाठी तीच आधी, असं धोरण ठेवलं. म्हणून कॉटलिन शिकायला घेतली. कोड लिहायचा अँड्रॉइड स्टुडिओ फुकट आहे आणि कोणत्याही बऱ्यापैकी संगणकावर चालतो. स्क्रीन बनवायला जेटपॅक कंपोझ वापरलं. पहिले तीन आठवडे नुसत्या यादीच्या स्क्रीनमध्ये गेले, पण काहीतरी दिसत होतं, त्यामुळे उत्साह टिकला.

खरा घोळ सुरू झाला तो आठवणींपासून. रात्री अ‍ॅपमध्ये सकाळी आठची आठवण लावली, सकाळी आठ वाजून गेले तरी फोन गप्प. दोन दिवस कोड उलटापालटा केला आणि मग लक्षात आलं की मधे फोन बंद करून चालू केला होता. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपने लावलेले अलार्म फोन रीस्टार्ट झाला की पुसले जातात. फोन चालू झाल्याची सूचना पकडून ते अ‍ॅपनेच पुन्हा लावायचे असतात. हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे, फक्त मी ते पान वाचलं नव्हतं. पुढे माझ्या शेजारणीच्या फोनवर रीस्टार्ट न करताही आठवणी येईनात. तो एका अशा कंपनीचा फोन होता जो बॅटरी वाचवण्यासाठी, काही दिवस न उघडलेली अ‍ॅप स्वतःहून गोठवून टाकतो. त्यावर माझ्याकडे एकच उपाय होता: सेटिंगमध्ये जाऊन या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढा, असं सांगणारी एक स्क्रीन. अजूनही तेवढाच आहे.

तिसरी गाठ अचूक वेळेची. अँड्रॉइड १२ पासून ठरलेल्या मिनिटाला वाजणाऱ्या अलार्मसाठी वेगळी परवानगी लागते, आणि अँड्रॉइड १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक अ‍ॅपना ती आपोआप मिळत नाही, वापरणाऱ्याला सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. आपोआप मिळणारी एक दुसरी परवानगी आहे, पण प्ले स्टोअरच्या नियमांप्रमाणे ती गजराच्या आणि कॅलेंडरच्या अ‍ॅपसाठी. यावर मी आठवडाभर डोकं आपटलं. मग एका रात्री स्वतःलाच विचारलं की झाडाला आठऐवजी सव्वाआठला पाणी मिळालं तर काय बिघडतं? अचूक अलार्म काढून टाकला, सैल वेळेचा लावला, परवानगीचा विषयच संपला. परवानगी मागायच्या आधी ती खरंच लागते का हे विचारायची सवय मला इथे लागली आणि पुढे तिने बराच त्रास वाचवला.

१६ मार्चला अ‍ॅप माझ्या फोनवर नीट चालायला लागलं. आनंदात ताईला दाखवलं. तिच्याकडे माझ्या दुप्पट झाडं. तिने सगळं बघितलं, दोन सुधारणा सुचवल्या आणि म्हणाली, "छान झालंय गं. पण माझ्या फोनवर कसं घ्यायचं?"

तिचा फोन आयफोन.

त्या क्षणी थांबून विचार करायला हवा होता. मी केला नाही. एक अ‍ॅप जमलं, दुसरं पण जमेल, अशा जोशात आयफोनची भाषा स्विफ्ट शिकायला बसले. आयफोनचं अ‍ॅप बनवायला एक्सकोड हे अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर लागतं आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतं, हे मला माहीत होतं. एका मित्राने जुना मॅक दिला, पण त्याची प्रणाली इतकी जुनी की नवं एक्सकोड त्यावर बसेना. शेवटी त्याचा कामाचा मॅक शनिवार-रविवारी मिळायचा, तोही त्याच्या घरी बसून वापरायचा. कोणी जुना मॅक देऊ केला तर आनंदाने घ्या, पण आधी त्यावर कोणतं एक्सकोड चालतं ते बघून घ्या. अ‍ॅप स्टोअरवर पाठवायचं अ‍ॅप अलीकडच्याच एक्सकोडने बांधलेलं असावं लागतं आणि ही किमान पायरी दरवर्षी वर सरकते.

एक चांगली गोष्ट इथे कळली. नुसतं करून बघण्यासाठी अ‍ॅपलला पैसे भरावे लागत नाहीत. साध्या अ‍ॅपल खात्यावरून स्वतःच्या ताब्यातल्या आयफोनवर आपलं अ‍ॅप टाकता येतं. मात्र ते सात दिवसच चालतं, मग पुन्हा टाकावं लागतं. १२ एप्रिलपासून दर शनिवारी ताईचा फोन घेऊन मित्राकडे जायचा आमचा नेम झाला. एखादा शनिवार चुकला की सोमवारी ताईचा फोन यायचा, "ते तुझं अ‍ॅप उघडतच नाहीये." पण वार्षिक फी भरायच्या आधी दोन महिने मला हात साफ करता आले.

मे महिन्याच्या अखेरीस दोन अ‍ॅप तयार होती. दिसायला जुळी, आतून सावत्र. अँड्रॉइडमध्ये काही सुधारलं की तेच स्विफ्टमध्ये पुन्हा लिहायचं, आणि दर वेळी काहीतरी निसटायचं. एकीकडे झाड पुसलं की त्याचा फोटोही पुसला जायचा, दुसरीकडे फोटो तसाच पडून राहायचा. एकीकडे रिकामं नाव चालायचं, दुसरीकडे नाही. मी वहीत दोन रकाने आखून यादी ठेवायला लागले होते. जूनमध्ये त्या वहीनेही हात टेकले.

झालं असं की ताई आठ दिवसांसाठी बाहेर जाणार होती. तिने तिच्या झाडांची यादी अ‍ॅपमधून फाइल करून मला पाठवली, मी ती माझ्या फोनवर उघडली, आणि अ‍ॅप सांगेल तसं पाणी घालत राहिले. ८ जूनला ती परत आली आणि विचारलं, "रविवारची झाडं सोमवारी का भिजवलीस?" मी म्हटलं, अ‍ॅपनेच सोमवार सांगितला. मग दोघी दोन फोन शेजारी ठेवून बसलो. मी वार आकड्यात साठवला होता. स्विफ्टच्या कॅलेंडरमध्ये १ म्हणजे रविवार. कॉटलिनमध्ये मी वापरलेल्या तारखांच्या साधनात १ म्हणजे सोमवार. दोन्ही अ‍ॅप आपापल्या जागी बरोबर होती. फाइल इकडून तिकडे गेली की प्रत्येक वार एका दिवसाने सरकत होता. एक फर्न मरगळलं, बाकीच्यांनी मला माफ केलं.

तो बग दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. पण ती दहा मिनिटं दोनदा लागली, आणि असे आणखी किती बसले असतील या विचाराने मी त्या रात्री झोपले नाही. शेवटी एकदाचा मी तो सुरुवातीचा प्रश्न विचारला.

दोन आठवडे फक्त वाचलं. गंमत म्हणजे या प्रश्नावर मोठमोठ्या कंपन्यांनी उलटसुलट उड्या मारल्या आहेत. फेसबुकने आधी वेब तंत्रावर भिस्त ठेवली, २०१२ मध्ये झुकरबर्ग यांनीच ती मोठी चूक होती अशी कबुली दिली, आणि २०१५ मध्ये त्याच कंपनीने एका कोडातून दोन्ही फोनांची अ‍ॅप बनवणारं रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सर्वांसाठी खुलं केलं. एअरबीएनबीने ते वापरलं आणि २०१८ मध्ये सोडत असल्याचं जाहीर केलं. ड्रॉपबॉक्सने दोन्ही फोनांसाठी सी प्लस प्लस या भाषेत सामायिक कोड ठेवला होता, २०१९ मध्ये तोही मोडीत काढून दोन वेगळे कोड पत्करले. हे वाचून माणूस घाबरतो. मीही घाबरले. मग लक्षात आलं की या कंपन्यांकडे प्रत्येक फोनसाठी वेगळी माणसं आहेत. एका कोडाने दोन तुकड्यांना एकमेकांच्या तालावर नाचावं लागतं ही त्यांची अडचण. माझी तुकडी एका माणसाची होती आणि मला एकाच माणसाचा वेळ वाचवायचा होता. त्यांचे निष्कर्ष खरेच आहेत, पण ते माझ्या मापाचे नाहीत.

माझ्यापुढे रस्ते चार होते. पहिला, वेबसाइट बनवायची आणि तिला अ‍ॅपचं कवच घालायचं. सर्वांत झटपट, पण अ‍ॅपलच्या नियमावलीतलं ४.२ हे कलम वाचलं की पाय मागे येतो: नुसती वेबसाइट गुंडाळून आणली तर नाकारतात. शिवाय माझं अ‍ॅप म्हणजे मुळातच आठवणी, आणि त्या फोनच्या पोटात शिरल्याशिवाय भरवशाच्या होत नाहीत. दुसरा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह. त्यात कोड जावास्क्रिप्टचा, पण बटणं, यादी वगैरे खरोखर त्या त्या फोनची. मला जावास्क्रिप्ट फारशी येत नाही म्हणून मागे पडला, बाकी काही खोट नाही. तिसरा फ्लटर. गूगलचं, पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मधली, भाषा डार्ट. ते फोनची बटणं वापरतच नाही, पडद्यावर सगळं स्वतः रंगवतं, त्यामुळे दोन्हीकडे चित्र एकच. चौथा कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्म. यात सुरुवातीला फक्त हिशेबाचा भाग सामायिक ठेवून स्क्रीन दोन्हीकडे वेगळ्या ठेवता येतात. तो नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर झाला, आणि त्याच कॉटलिनमध्ये आयफोनच्या स्क्रीनही लिहायची सोय मे २०२५ मध्ये, म्हणजे मी वाचत होते त्याच्या महिनाभर आधी, स्थिर म्हणून जाहीर झाली.

कॉटलिन मला येत होती, त्यामुळे चौथ्या रस्त्याचा मोह जबरदस्त होता. तरी मी फ्लटर घेतलं, कारण एकटीने काम करताना मध्यरात्री अडलं की आधी कोणीतरी तिथेच अडलेलं असणं फार मोलाचं असतं, आणि फ्लटरमध्ये अशी माणसं सात वर्षांची साठलेली होती. आज सुरू केलं असतं तर कदाचित उलटा निर्णय घेतला असता. त्यात अभिमानाचं किंवा पश्चात्तापाचं काही नाही.

१ जुलैला नवा कोरा प्रकल्प उघडला. जुना कोड फेकताना पोटात खड्डा पडला, पण दोनदा लिहिलेली गोष्ट तिसऱ्यांदा लिहायला वेळ लागत नाही. काय हवं ते नेमकं माहीत असतं. कोडमध्ये बदल केला की चालू अ‍ॅपमध्ये तो सेकंदात दिसतो ही फ्लटरची सोय तर अशी की परत जावंसं वाटत नाही. पाच आठवड्यांत स्क्रीन झाल्या. सामायिक कोड सामायिक चुका आणतो, एवढं मात्र कळलं. महिन्यातून एकदा खत, असा नियम होता. ३१ जानेवारीला खत घातलं तर पुढची तारीख? कॉटलिन आणि स्विफ्ट, माझ्या दोन्ही जुन्या अ‍ॅपमध्ये, शहाण्यासारखी २८ फेब्रुवारी देत होत्या. डार्टमध्ये मी महिन्यात सरळ एक मिळवला आणि ३१ फेब्रुवारी मागितली. डार्टने तक्रार न करता उरलेले दिवस पुढे ढकलले आणि ३ मार्च दिली. फरक एवढाच की ही चूक एकदाच शोधली, एकदाच दुरुस्त केली आणि दोन्ही फोनवर गेली. त्यानंतर तारखांच्या हिशेबासाठी मी तीसेक चाचण्या लिहिल्या. त्या आधीच लिहायला हव्या होत्या.

आणखी एक मराठी वाचकांसाठी खास. तारखा मराठीत दाखवायला भाषा मराठी निवडली की आकडेही देवनागरी येतात. दिसायला सुंदर. मी मात्र तीच '०८:३०' अशी दाखवायची वेळ साठवूनही ठेवत होते आणि पुन्हा वाचायला गेले की अ‍ॅप कोसळायचं, कारण वाचणाऱ्या कोडला ते आकडे वाटतच नव्हते. दाखवायचं एक आणि साठवायचं दुसरं, हे वेगळं ठेवा. ओळींची उंचीही थोडी वाढवून ठेवा. इंग्रजी मजकुराला बेतलेल्या पट्टीत आपले रफार आणि मात्रा वरून छाटल्या जातात.

१७ ऑगस्टला ताईच्या फोनवर नवं अ‍ॅप टाकलं. पाच मिनिटांत तिची तक्रार: "मागे जाता येत नाही." मला कळेना. वरच्या कोपऱ्यात बाण होता की! पण आयफोन वापरणारे बाण बघतच नाहीत, डाव्या कडेवरून बोट सरकवतात. फ्लटर ते आपोआप सांभाळतं, पण मी अर्धवट नोंद टाकून कोणी बाहेर पडू नये म्हणून मागे जाण्यावर एक अडसर घातला होता. अँड्रॉइडवर त्यातून 'नोंद जतन करायची का?' असा प्रश्न यायचा. आयफोनवर त्याच अडसराने बोट सरकवणंच मेलं होतं. शेवटी अडसर काढला आणि नोंद आपोआप जतन करायला लागले. तारीख निवडायचं चाकही आयफोनसाठी वेगळं ठेवलं.

१ सप्टेंबरला दोन्ही दुकानांत, म्हणजे प्ले स्टोअर आणि अ‍ॅप स्टोअरवर, खाती उघडायला घेतली. गूगलची फी एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलची दरवर्षी ९९ डॉलर. दोन्हीकडे ओळख पटवावी लागते. मी ओळखपत्राचा फोटो रात्री दिव्याखाली काढला, तो चकाकला, परत आला, त्यात चार दिवस गेले. दिवसाउजेडी काढा. नाव ओळखपत्रावर आहे तसंच्या तसं लिहा. गूगलच्या वैयक्तिक खात्यावर तुमचं कायदेशीर नाव आणि देश सर्वांना दिसतो, आणि अ‍ॅपमधून पैसे कमावणार असाल तर पूर्ण पत्ताही. हे खातं उघडण्याआधी माहीत असलेलं बरं. संस्थेच्या नावाने खातं हवं असेल तर दोन्हीकडे डन्स क्रमांक, म्हणजे संस्थांचा ओळख क्रमांक, लागतो. मला तो नको होता, म्हणून त्या वाटेला गेले नाही.

मग तो नियम, ज्याने मला सर्वांत जास्त धास्ती घातली होती. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना प्ले स्टोअरवर अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते: किमान १२ माणसं, सलग १४ दिवस. सुरुवातीला हा आकडा २० होता, पुढे १२ वर आला. बारा माणसं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. प्रत्यक्ष जमवायला बसलं की कळतं, ओळखीतल्या निम्म्यांकडे आयफोन आहे आणि उरलेल्यांना 'दुव्यावर जा, होय म्हणा, मग अ‍ॅप टाका' हे तीनदा समजवावं लागतं. मी १२ वर न थांबता १६ जणांना घेतलं. चाचणी ८ सप्टेंबरला सुरू झाली, अकराव्या दिवशी एकाने फोन बदलला आणि एकीने कंटाळून नाव काढून घेतलं. जादाचे चार होते म्हणून निभावलं. या लोकांकडून आलेल्या तक्रारी आणि तुम्ही केलेले बदल लिहून ठेवत जा. शेवटच्या अर्जात नेमकं तेच विचारतात, आणि तेव्हा आठवून लिहिणं जड जातं. माझा अर्ज २३ तारखेला गेला, उत्तर २८ ला आलं.

३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅपला अँड्रॉइड १५ डोळ्यांसमोर ठेवून बांधणं सक्तीचं झालं होतं. मी जुलैत सुरुवात केल्यामुळे त्यातून सहज सुटले. जुना प्रकल्प घेऊन दुकानात जाणाऱ्यांनी हे आधी तपासावं. दरवर्षी ऑगस्टअखेर ही पायरी वर जाते.

इकडे आयफोनसाठी टेस्टफ्लाइट, अ‍ॅपलची चाचणीची सोय. त्यात बाहेरचे दहा हजारांपर्यंत लोक घेता येतात, पहिलं बिल्ड, म्हणजे बांधलेली आवृत्ती, मात्र तपासून मगच सोडतात, आणि प्रत्येक बिल्ड ९० दिवस चालतं. मी नऊ जण घेतले. त्यातल्या एकीकडे पंचेचाळीस कुंड्या. तिने तिसऱ्या दिवशी कळवलं की निम्म्या झाडांची आठवणच येत नाही. अँड्रॉइडवर सगळं ठीक, कोड तोच, मग? दोन रात्रींनी सापडलं: आयफोन एका अ‍ॅपच्या पुढच्या ६४ च स्थानिक, म्हणजे फोनवरच आधी लावलेल्या, सूचना लक्षात ठेवतो. जवळच्या ६४ राहतात, बाकीच्या चुपचाप गळतात. मी प्रत्येक झाडाच्या पुढच्या तीन पाळ्यांच्या सूचना लावत होते. पंचेचाळीस गुणिले तीन.

दहा महिन्यांत मी सर्वांत जास्त शिकले ते इथे. पहिला विचार आला तो आयफोनसाठी वेगळं काहीतरी ठिगळ लावायचा. वहीत ते ठिगळ मांडताना वाटलं, मुळात एका सकाळी सात झाडांच्या सात सूचना कोणाला हव्या आहेत? मग झाडागणिक सूचना काढूनच टाकल्या. रोज एकच: 'आज ७ झाडांना पाणी.' पुढच्या साठ दिवसांच्या साठ सूचना आधीच लावून ठेवायच्या, अ‍ॅप उघडलं की नव्याने मोजायच्या, आणि साठाव्या दिवशीची सूचना म्हणते, 'बरेच दिवस इकडे फिरकला नाहीत.' आयफोनच्या मर्यादेपायी केलेला हा बदल अँड्रॉइडवाल्यांना जास्त आवडला. त्या गोठवणाऱ्या फोनवरही तो थोडा बरा चालतो, कारण लोक रोज ती एक सूचना दाबून अ‍ॅप उघडतात.

मी कोणत्या कामाला किती तास लागले याची नोंद ठेवली होती. कोडच्या ओळींत सामायिक भाग दहात नऊ निघतो. तासांत मात्र तो जेमतेम निम्मा. उरलेला निम्मा वेळ सूचना, परवानग्या, फोटो, मागे जाणं, डिजिटल सह्या आणि दुकानं यांत गेला, आणि तो भाग दोन वेगळी अ‍ॅप असती तरी तेवढाच लागला असता. म्हणून आता कोणी मला 'एक की दोन?' विचारलं तर मी विचारते, तुमचं अ‍ॅप फोनच्या किती आत शिरतं? माझ्यासारखं यादी-तारखांचं असेल तर एकाच कोडात भागतं. कॅमेऱ्यावर किंवा ब्लूटूथवरच उभं असेल तर वाचणारा वेळ माझ्याइतका नसेल.

परवानग्यांबद्दल थोडं. सूचनेची परवानगी अ‍ॅप उघडल्या उघडल्या मागू नका. आयफोनवर तो प्रश्न एकदाच विचारता येतो, अँड्रॉइड १३ पासून तिथेही दोनदा नकार आला की संपलं. मी पहिलं झाड जोडल्यावर विचारते, बहुतेक लोक होय म्हणतात. साठवलेला फोटो निवडायला दोन्ही फोनांची स्वतःची निवड-खिडकी आहे, ती वापरली तर परवानगी लागतच नाही. आणि मी लॉगिन ठेवलंच नाही. खातं उघडू दिलं की अ‍ॅपमधूनच ते पुसायची सोय द्यावी लागते, सर्व्हर लागतो, त्याची राखण लागते. यादी फाइल करून पाठवता येते, तेवढं पुरतं.

सह्यांचं प्रकरण, म्हणजे अ‍ॅप आपलंच आहे हे दुकानाला पटवणं, एका वाक्यात: अँड्रॉइडची चावी आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि आयफोनची प्रमाणपत्रं एक्सकोडला स्वतःच सांभाळू द्या, मी हाताने करायला गेले आणि एक अख्खा शनिवार गमावला.

दुकानांत जाण्याआधीचे दिवस फॉर्म भरण्यात गेले. दोन्हीकडे गोपनीयता धोरणाचं पान लागतं, आणि कोणती माहिती गोळा करता याचे वेगवेगळे तक्ते. मी कोणतीच माहिती घेत नाही, पण अ‍ॅप कोसळल्याची नोंद पाठवणारं एक तयार पॅकेज घेतलं होतं, ते माहिती घेत होतं. त्याच्याबद्दल सहा रकाने भरण्यापेक्षा पॅकेजच काढलं. अ‍ॅपल प्रत्येक बिल्डला एन्क्रिप्शनबद्दल, म्हणजे माहिती सांकेतिक करण्याबद्दल, विचारतं. तुमचं उत्तर प्रकल्पाच्या माहिती-फाइलमध्ये एकदा लिहून ठेवलं की तो प्रश्न येत नाही. नावाला दोन्ही दुकानांत ३० अक्षरं मिळतात, पण काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. माझं पहिलं नाव मला वीस अक्षरांचं वाटत होतं. ते चौतीस निघालं.

अँड्रॉइडचं अ‍ॅप २ ऑक्टोबरला दिसू लागलं. आयफोनचं ३ तारखेला पाठवलं, ४ ला परत आलं. कारण माझंच. कॅमेऱ्याच्या परवानगीपुढे मी लिहिलं होतं, 'कॅमेरा वापरण्यासाठी परवानगी हवी.' कशासाठी ते सांगा, असं उत्तर आलं. मी लिहिलं, 'झाडाचा फोटो काढून त्याच्या नोंदीला जोडण्यासाठी. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो.' तोवर इतकी दमले होते की त्या नकाराने डोळ्यांत पाणी आलं, आणि दुरुस्ती मात्र चार मिनिटांची होती. परीक्षकांना उत्तर देताना वाद घालू नका, काय बदललं तेवढं लिहा. ६ ऑक्टोबरला संध्याकाळी मंजुरी आली. ताईला दुवा पाठवला. तिचं उत्तर, "आता दर शनिवारी यायचं नाही ना?"

खर्चाचा हिशेब: १२४ डॉलर, मित्राच्या घरचे असंख्य चहा, आणि दोन फेकलेली अ‍ॅप. त्यातलं कॉटलिनचं अजून माझ्या संगणकावर आहे, उगाच उघडून बघते कधीतरी.

अ‍ॅपलची फी वर्षभराने पुन्हा भरायची आहे. ती चुकली तर अ‍ॅप दुकानातून उतरतं, म्हणून मी माझ्याच अ‍ॅपमध्ये 'सफरचंद' नावाची एक कुंडी जोडून तिला वर्षातून एकदा खत लावलं आहे. फक्त सूचना साठच दिवस आधीच्या लागतात, त्यामुळे ती यायला हवी असेल तर मधून मधून अ‍ॅप उघडत राहावं लागणार.